वेगवेगळ्या यंत्रणांवर एकच सेवा-थर: कुणी बांधलाय का?

रात्रपाळी (धागाकर्ता), सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

आमच्या नेटवर्कवर काय काय लटकलंय बघा: तीन कंपन्यांचे स्विच, सर्व्हर आणि त्यांच्या पोटातले बीएमसी (सर्व्हर बंद असला तरी त्याची देखरेख करणारी छोटी चिप), दोन स्टोरेज, यूपीएस, सर्व्हर रूमचं कूलिंग, दरवाज्यांचं अ‍ॅक्सेस कंट्रोल, बॅकअप. प्रत्येकाचं स्वतःचं कन्सोल, स्वतःचा पासवर्ड आणि 'क्रिटिकल'ची स्वतःची व्याख्या. एकाच्या लेखी क्रिटिकल म्हणजे डिस्क गेली, दुसऱ्याच्या लेखी लायसन्स संपायला तीस दिवस उरले.

डोक्यात आहे ते असं. मध्ये एक सेवा-थर. खाली प्रत्येक सबसिस्टिमसाठी एक अ‍ॅडॉप्टर, जो त्या यंत्राशी त्याच्या भाषेत बोलेल. वर एकच एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमांनी प्रश्न विचारायची खिडकी. डॅशबोर्ड, अलर्ट, रात्रीच्या स्क्रिप्टा या सगळ्यांनी फक्त त्या एपीआयला विचारायचं. खाली एसएनएमपी (नेटवर्कच्या पेट्यांची भाषा) आहे, रेडफिश (सर्व्हरच्या बीएमसीची) आहे की मॉडबस (कूलिंगसारख्या यंत्रांची), याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

यंत्रांची माहिती मांडायचं मॉडेल तयार घ्यावं की आपलं लिहावं? माहिती आपण ओढायची की यंत्रांनी ढकलायची? आणि वाचणं ठीक आहे, पण बदलही याच थरातून करावेत का? 'अमुक प्रॉडक्ट घ्या' हे उत्तर कृपया नको, तीन डेमो बघून झालीत.

पॅचपॅनेल, सोमवार, रात्री ११:४०

म्हणजे आणखी एक कन्सोल तीनदा बघितलंत. :)

ओढायचं की ढकलायचं यावर आधी. एसएनएमपीच्या ट्रॅपवर, म्हणजे यंत्राने स्वतःहून पाठवलेल्या सूचनेवर, विसंबू नका. ट्रॅप यूडीपीवरून १६२ पोर्टला येतो आणि तो पोचला की वाटेत हरवला हे पाठवणाऱ्यालाही कळत नाही. दुसऱ्या आवृत्तीतला इन्फॉर्म पोच मागतो, पण जुन्या पेट्यांना तो येतोच असं नाही. ट्रॅपला दारावरची बेल समजा. वाजली की जाऊन बघायचं, नाही वाजली तरी ठराविक वेळाने डोकावायचंच.

दुसरं, हे डोकावणं (पोलिंग) दर पाच मिनिटांनी ठेवणार असाल तर ३२ बिटांचे काउंटर वापरूच नका. १ गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर आत आलेले बाइट मोजणारा इन-ऑक्टेट्सचा काउंटर साधारण ३४ सेकंदांत शून्यावर येतो, १० गिगाबिटला साडेतीन सेकंदही लागत नाहीत. पाच मिनिटांत तो किती वेळा फिरला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ६४ बिटांचे एचसी काउंटर घ्या. अ‍ॅडॉप्टरने हे स्वतः ओळखलं पाहिजे, वरच्या थराला कळताही कामा नये.

जुना टर्मिनल, मंगळवार, सकाळी ७:०५

रात्रपाळी, तुमचा बेत वाचून जुने दिवस आठवले. हे स्वप्न प्रत्येक पिढीने एकदा पाहिलं आहे.

एसएनएमपी १९८८ साली आलं तेव्हा ते तात्पुरतं मानलं जात होतं. खरं काम ओएसआय या दुसऱ्या मानक-संचातलं सीएमआयपी करील अशी अपेक्षा होती. सीएमआयपी टेलिकॉमच्या बाहेर फारसं दिसलं नाही आणि तात्पुरतं होतं ते आजही चालू आहे. मग डीएमटीएफ या उद्योगसंघटनेचं सीआयएम हे माहिती-मॉडेल आलं, आणि त्यावर बेतलेली डब्ल्यूबीईएम ही मानकं. जगातल्या प्रत्येक व्यवस्थापनयोग्य वस्तूला एकाच वंशवृक्षात बसवायचं ही त्यामागची कल्पना. क्लास शेकड्यांनी झाले. साध्या प्रश्नालाही दोन-तीन असोसिएशन (वस्तूंमधले दुवे) ओलांडाव्या लागत. स्टोरेजवाल्यांनी त्यावर एसएमआय-एस बांधलं, तर काही कंपन्यांचा प्रोव्हायडर (यंत्र आणि मॉडेल यांमधला दुभाषी) वेगळ्याच सर्व्हरवर बसवावा लागे, आणि मग त्या सर्व्हरवर लक्ष कोण ठेवणार? विंडोजमधलं डब्ल्यूएमआय याच घराण्यातलं, ते मात्र टिकलं. एकाच घरातल्या वस्तूंना एक मॉडेल लावणं सोपं असतं.

माझं मत: सार्वत्रिक मॉडेल लिहायला बसू नका. दोन वर्षं जातील आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी असं यंत्र आणील जे त्यात बसणार नाही.

एक गोष्ट मात्र त्या काळातून उचलण्यासारखी आहे. सन कंपनीच्या जिनीमध्ये (नेटवर्कवरच्या सेवा एकमेकींना शोधून देणारं तंत्र) 'लीज' होती. जिरो नावाचा व्यवस्थापनाचा थर त्याच जिनीवर उभा होता. जिरो गेलं, पण कल्पना चांगली होती.

रात्रपाळी, मंगळवार, सकाळी ९:३०

लीजबद्दल थोडं सविस्तर लिहाल का? मी फक्त डीएचसीपीची लीज ओळखतो.

जुना टर्मिनल, मंगळवार, सकाळी १०:१५

जात तीच. सेवेने नोंदणी केली की तिला कायमचा पत्ता मिळत नाही, मुदतीचा भाडेकरार मिळतो. मुदत संपायच्या आत तिने येऊन नूतनीकरण करायचं. नाही आली तर नोंद आपोआप गळते, कुणी 'ती मेली' असं कळवायची वाट बघावी लागत नाही. आणि मेलेला माणूस स्वतःच्या मृत्यूची खबर द्यायला येत नाही ही नेटवर्कमधली मूळ अडचण आहे.

हेच प्रत्येक वाचनाला लावा. तापमान २२ अंश, एवढं पुरेसं नाही. तापमान २२ अंश, अमुक वेळी मोजलेलं, नव्वद सेकंद ग्राह्य. त्यानंतर तो आकडा एपीआयने देऊच नये.

काटेकोर, मंगळवार, दुपारी १:२०

मॉडेल नको या सल्ल्याशी मी असहमत आहे. मॉडेल नसेल तर तुम्ही सेवा-थर नाही, नुसता प्रॉक्सी बांधताय. नाव एक, आत सात भाषा.

साधं उदाहरण देते. यूपीएसवर अजून किती वेळ निघेल? यूपीएसची प्रमाण एमआयबी (एसएनएमपीने विचारता येणाऱ्या गोष्टींची यादी) १९९४ च्या आरएफसी १६२८ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात आहे, ती हे मिनिटांत सांगते. खाजगी एमआयबीत तीच गोष्ट टाइमटिक्समध्ये, म्हणजे सेकंदाच्या शतांशात मिळू शकते. प्रमाण एमआयबीत बॅटरीचं व्होल्टेज दशांश व्होल्टमध्ये आहे, म्हणजे ५४० आलं तर ते ५४ व्होल्ट. हे रूपांतर कुणी करायचं? डॅशबोर्ड लिहिणाऱ्याने एकदा, अलर्टवाल्याने एकदा आणि शटडाउनची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने चुकीचं एकदा?

मॉडेल हवं, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. वस्तू कोण, कुणाच्या पोटात, कशावर अवलंबून, अवस्था काय, मोजमाप किती आणि कोणत्या एककात. बाकी जे उरेल ते कच्चं, यंत्राच्या भाषेत, 'अन्य' या कप्प्यात. ज्याला गरज असेल तो तिथून घेईल, आणि तीच गोष्ट तीन जणांना लागायला लागली की तिला मॉडेलमध्ये बढती.

जुना टर्मिनल, मंगळवार, दुपारी १:५०

इतक्या लहान मॉडेलला माझा विरोध नाही. 'बढती'चा नियम आवडला.

उलटतपासणी, मंगळवार, दुपारी ३:०५

'वस्तू कोण' हे काटेकोर यांनी दोन शब्दांत उरकलं, पण आमचे सहा महिने तिथेच गेले.

आयपी ही ओळख नाही, ती बदलते. होस्टनेम कुणीही कुणालाही देतो. सीरियल नंबर ठीक, पण मदरबोर्ड बदलल्यावर नवीन बोर्डात तो पुन्हा लिहायचं राहून गेलं तर सर्व्हर रातोरात अनोळखी होतो. स्विचच्या पोर्टचं तर विचारू नका. आयएफ-इंडेक्स, म्हणजे एसएनएमपीतला पोर्टचा क्रमांक, रीबूटनंतर बदलू शकतो, म्हणजे काल १२ नंबरवर अपलिंक होता, आज तिथे कुणाचा तरी प्रिंटर. आमच्या आलेखात प्रिंटर अचानक गिगाबिटने छापायला लागला होता.

शेवटी आम्ही थराची स्वतःची ओळख दिली, यंत्राची कुठलीच नाही. सीरियल, मॅक पत्ता, नाव हे सगळे तिचे पुरावे. पुरावे जुळले नाहीत तर आपोआप विलीन करायचं नाही, माणसाला विचारायचं.

अवांतर: वर कूलिंगचा उल्लेख आहे म्हणून. बॅकनेटचा (इमारतीतल्या यंत्रांची भाषा) पोर्ट ४७८०८ का, असा प्रश्न पडला असेल तर तो आकडा हेक्समध्ये लिहून बघा. बी, ए, सी, शून्य. कुणीतरी त्या दिवशी खुशीत होतं.

पॅचपॅनेल, मंगळवार, दुपारी ३:१२

प्रिंटर गिगाबिटने :))

काटेकोर, मंगळवार, संध्याकाळी ६:४५

आता तिसरा प्रश्न, बदल याच थरातून करावेत का. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण पडझड सगळ्यात जास्त इथे होते.

एसएनएमपीत 'सेट' पहिल्यापासून आहे, तरी स्विचची कॉन्फिगरेशन त्यातून करणारे फार थोडे. २००२ साली आयएबीने (इंटरनेटच्या मानकांवर देखरेख करणारं मंडळ) नेटवर्क चालवणारे आणि प्रोटोकॉल लिहिणारे यांना एकत्र बसवलं. त्या बैठकीचा वृत्तान्त आरएफसी ३५३५ म्हणून प्रसिद्ध आहे. चालवणाऱ्यांची तक्रार साधी होती. आम्हाला कॉन्फिगरेशन आणि चालू स्थिती वेगवेगळी दिसू द्या, ती मजकूर म्हणून साठवता आणि ताडून पाहता येऊ द्या, आणि एका यंत्राऐवजी अख्ख्या नेटवर्कचा विचार करून बदल करता येऊ द्या. त्यातून कॉन्फिगरेशनसाठीचं नेटकॉन्फ आलं, २००६ मध्ये, आणि त्याची मॉडेलं लिहायला २०१० मध्ये यांग.

नेटकॉन्फमधली मला सगळ्यात प्रिय गोष्ट म्हणजे कन्फर्म्ड कमिट. बदल आधी कॅंडिडेट (कच्च्या) प्रतीत करायचा, मग कमिट, म्हणजे लागू, करायचा, पण 'पक्का' म्हणून नाही. ठरलेल्या वेळात, सांगितलं नाही तर ६०० सेकंदांत, तुम्ही पुन्हा येऊन पक्कं केलं नाही तर यंत्र स्वतःहून जुन्या स्थितीत परत जातं. म्हणजे स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडलीत तरी दहा मिनिटांत फांदी परत.

पण ही सोय सगळ्या यंत्रांत नाही, आणि सेवा-थराची खरी परीक्षा तिथेच आहे. स्विच परत फिरू शकतो. स्टोरेजवर व्हॉल्यूम तयार झाला तर तो पुसावा लागतो, आणि त्यावर दरम्यान कुणी लिहिलं असेल तर पुसणंही चूक. यूपीएसला आउटलेट बंद करायला सांगितलं तर 'परत जुनी स्थिती' याचा अर्थ सर्व्हर पुन्हा चालू करणं, जुनी स्थिती नव्हे. तेव्हा सगळ्यांवर एकच 'बदला' नावाचं फंक्शन ठेवून आत हा फरक लपवणं ही फसवणूक आहे. अ‍ॅडॉप्टरने स्वतःच जाहीर करावं: मला उलट फिरता येतं, मला येत नाही, मला वेळ लागतो. रेडफिश हे बरं करतं, वेळखाऊ काम असेल तर २०२ ('काम घेतलं, अजून झालं नाही') देऊन टास्कचा पत्ता हातात ठेवतं, झालं की नाही ते तिथे जाऊन बघा म्हणतं. तुमच्या एपीआयनेही प्रत्येक बदलाला असंच काम-क्रमांकाचं उत्तर द्यावं, स्विच पाव सेकंदात करत असला तरी.

आणि आज्ञा शक्यतो क्रियेच्या रूपात नको, अवस्थेच्या रूपात हवी. 'पोर्ट टॉगल कर' ही आज्ञा टाइमआउटनंतर पुन्हा पाठवली की घोळ. 'पोर्ट बंद असावं' ही दहा वेळा पाठवली तरी पोर्ट बंदच.

कुलूपकिल्ली, मंगळवार, रात्री ९:१०

सगळं छान चाललंय, पण एक लक्षात घ्या. हा थर उभा राहिला की सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या एका जुडग्यात आल्या.

एसएनएमपी व्ही१ आणि व्ही२सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिथला पासवर्ड, उघड्यावर जाते, मध्ये बसून कुणीही वाचावी. व्ही३ २००२ पासून मानक आहे, तरी 'पब्लिक' म्हटल्यावर दार उघडणारी यंत्रं अजून भेटतात. आयपीएमआय २.० (बीएमसीशी बोलायची जुनी भाषा) चं तर प्रमाणीकरणच असं आहे की लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी खात्याच्या पासवर्डचा हॅश (गुंतवलेलं रूप) समोरच्याला देतो, मग तो निवांत घरी बसून फोडायचा. हा कुणा एका कंपनीचा बग नाही, रचनाच तशी आहे, पॅच येणार नाही. म्हणून बीएमसी स्वतंत्र व्यवस्थापन नेटवर्कवर, आणि जिथे रेडफिश आहे तिथे आयपीएमआय बंद.

वाचणारा आणि बदलणारा असे दोन वेगळे प्रोसेस करा, वेगळ्या खात्यांनी. डॅशबोर्डच्या वाटेने कुणी आत आलं तर त्याला तापमान कळेल, आउटलेट बंद करता येणार नाहीत.

उलटतपासणी, मंगळवार, रात्री ९:४०

रात्रपाळी, एक सरळ प्रश्न. सात यंत्रणा तुमच्याकडे काल-परवा आलेल्या नाहीत. मग सोमवारी रात्री सव्वाअकराला हा धागा का? काहीतरी झालंय.

रात्रपाळी, बुधवार, पहाटे १:३५

झालंय. लिहावं की नाही या विचारात होतो.

थर 'बांधायचा' आहे म्हणालो, पण त्याची छोटी आवृत्ती मीच लिहिलेली आधीपासून चालू आहे. चार अ‍ॅडॉप्टर, शेवटची वाचनं ठेवणारी एक कॅश, एक डॅशबोर्ड. कूलिंगचं युनिट मॉडबस गेटवेमागे आहे. शनिवारी रात्री तो गेटवे अर्धवट मेला. ५०२ पोर्टवर कनेक्शन घेत होता, उत्तर देत नव्हता. माझ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये कनेक्ट करायला टाइमआउट होता, वाचायला नव्हता. तो वाट बघत बसला. एरर नाही, म्हणून अलर्ट नाही. कॅशमध्ये शेवटचा आकडा २२.४ अंश, आणि डॅशबोर्ड तोच दाखवत राहिला. हिरवा. तीन तास. मी समोर बसलो होतो.

कळलं ते दोन सर्व्हर उष्णतेने स्वतःहून बंद पडले तेव्हा.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. रविवारी लॉग काढले तर सर्व्हरच्या बीएमसीवरून आत येणाऱ्या हवेचं तापमान दर मिनिटाला माझ्याच थरात येत होतं आणि दोन तास चढत होतं. उंबरठा ओलांडलेला नव्हता म्हणून तेही हिरवं. एकाच खोलीबद्दल दोन साक्षीदार वेगवेगळं सांगत होते, दोघांची जबानी माझ्याकडे होती, आणि मी त्यांना कधी समोरासमोर आणलंच नव्हतं.

पॅचपॅनेल, बुधवार, सकाळी ८:००

वाचन टाइमआउट आम्ही सगळेच एकदा विसरलोय. मी बॅकअपच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये.

जुना टर्मिनल, बुधवार, सकाळी ८:२०

लिहिलंत हे फार बरं केलंत. कालच्या चर्चेतल्या निम्म्या गोष्टींपेक्षा हे एक उदाहरण उपयोगी आहे.

तुमच्या थरात अवस्था किती होत्या? हिरवी, पिवळी, लाल. चौथी नव्हती: माहीत नाही. ती पिवळ्यात ढकलू नका. पिवळं म्हणजे 'मी पाहिलं आणि जरा बिघडलंय', माहीत नाही म्हणजे 'मी पाहिलेलंच नाही'. प्रोमेथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरने २.० मध्ये, २०१७ साली, हीच दुरुस्ती केली. टार्गेट उत्तर देईनासं झालं की त्याच्या आकड्यांच्या मालिकांवर शिळेपणाची खूण पडते आणि जुना आकडा पुढे ओढला जात नाही. आधी तोच पाच मिनिटांपर्यंत ताजा म्हणून मिरवायचा.

अ‍ॅडॉप्टर वेगवेगळे प्रोसेस करा, म्हणजे एक अडकला तर बाकीचे चालतील. आणि मुदत अ‍ॅडॉप्टरने नाही, वरच्या थराने मोजायची. अडकलेल्याला स्वतःच्या अडकण्याचा हिशोब ठेवता येत नाही.

काटेकोर, बुधवार, सकाळी १०:४०

साक्षीदारांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. आपण इतका वेळ 'एक कन्सोल' या सोयीवर बोलत होतो. पण सात खिडक्या एका खिडकीत आणून काय मिळतं? थोडं क्लिक करणं वाचतं. थर बांधायचं खरं कारण हे, की एका यंत्राच्या बोलण्याची दुसऱ्याकडून खातरजमा करता येते. कूलिंग म्हणतं २२, सर्व्हर म्हणतात हवा गरम येतेय. यूपीएस म्हणतं भार निम्म्यावर आला, सर्व्हर म्हणतात आम्ही सगळे चालू आहोत. स्विच म्हणतो पोर्ट चालू, स्टोरेज म्हणतं माझा एक मार्ग गेला. कुठलंही एकटं कन्सोल हे दाखवू शकत नाही.

त्यासाठीच मी वर 'कुणाच्या पोटात, कशावर अवलंबून' हे मॉडेलमध्ये घातलं होतं. ते नसेल तर कोणता सर्व्हर कोणत्या कूलिंगच्या वाऱ्यात आहे हे थराला कसं कळणार?

कुलूपकिल्ली, बुधवार, दुपारी १२:१५

आणि हा थर स्वतः कुठे राहतो? ज्या स्विचवर लक्ष ठेवतो त्याच स्विचमागे?

४ ऑक्टोबर २०२१ चं फेसबुकचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. देखभालीदरम्यानच्या एका आज्ञेने त्यांचा बॅकबोन (डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्क) खाली गेला. अशी आज्ञा अडवायला तपासणीचं साधन होतं, त्यातच बग होता. बॅकबोन गेल्यावर डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग, म्हणजे जगाला जाहीर केलेली आपल्याकडे यायची वाट, मागे घेतले, आणि दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच डीएनएसवर अवलंबून. आउट-ऑफ-बँड (संकटासाठी वेगळं ठेवलेलं) नेटवर्कही कामाला आलं नाही. माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली, सेवा सहा तासांच्या आसपास बंद.

तुमचं प्रमाण लहान असलं तरी गाठ तीच. थर ज्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) आहे तिची डिस्क त्याच स्टोरेजवर आहे का? लॉगिन खात्यांच्या त्याच डिरेक्टरीतून होतं का? कागदावर बाण काढा, कुठे वर्तुळ पूर्ण होतं ते दिसेल.

रात्रपाळी, बुधवार, रात्री ११:५०

बाण काढले. तीन वर्तुळं निघाली, त्यातलं एक दरवाज्याचं. सर्व्हर रूमचं दार उघडणारी यंत्रणा ज्या सर्व्हरवर, तो त्याच खोलीत.

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं. पुढचे काही महिने हा थर फक्त वाचेल, बदल करणार नाही. अ‍ॅडॉप्टर वेगळे प्रोसेस, प्रत्येक आकड्याला मुदत, आणि ती वरून मोजली जाईल. काटेकोर यांचं बोटांवरचं मॉडेल. ओळख आमची, पुरावे यंत्राचे. थर एका जुन्या वेगळ्या मशीनवर, व्यवस्थापन नेटवर्कमध्ये, स्थानिक खात्याने लॉगिन. बदलांचा विचार नंतर, आणि त्याचं खातं वेगळं.

रात्रपाळी, पुढचा मंगळवार, रात्री १२:२०

जरा अपडेट. शनिवारी चौथी अवस्था चालू केली, राखाडी रंगात. चालू करताच डॅशबोर्डवर एकोणीस राखाडी चौकोन उगवले. काहींची मुदत मीच फार कमी ठेवली होती, ती नीट केली. सहा मात्र खरे निघाले. त्यातला एक यूपीएस कधीपासून उत्तर देत नाहीये ते लॉगमध्येही सापडत नाही, आणि त्याचा पासवर्ड कुणाकडेच नाही.

साहेबांनी सकाळी स्क्रीन बघून विचारलं, गेल्या आठवड्यात सगळं हिरवं होतं, तुम्ही नक्की काय केलंत?

आणि एक प्रश्न. एक जुना स्विच काल रात्री 'नुकताच रीबूट' असं दाखवतोय. त्याचा अपटाइम शून्यावरून मोजायला लागलाय, पण जोडलेल्या कुणालाच लिंक तुटल्याचं दिसलं नाही. साक्षीदार सगळे त्याच्या विरोधात.

पॅचपॅनेल, मंगळवार, रात्री १२:३१

सिस-अपटाइम ३२ बिटांचा, सेकंदाच्या शतांशात मोजतो. ४९७ दिवसांनी फिरतो. स्विच चालूच आहे, झोपा आता.

उलटतपासणी, मंगळवार, रात्री १२:३८

४९७ दिवस फर्मवेअर अपडेट नाही, यावर वेगळा धागा काढावा ही विनंती.